मामांचा मान

रचना गणवीर रोज सकाळी गोदामाचे शटर अर्धेच वर करीत असे. पूर्ण उघडले की उजेड एकदम आत घुसतो आणि ज्यांना पाहायचे ते दिसेनासे होतात, हे तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळले होते. वाकून ती आत शिरे, चपला काढून हातात घेई, आणि पोत्यांच्या थप्प्यांमधून, भिंतीच्या कडेकडेने, बॅटरीच्या उजेडात हलक्या पावलांनी चालत जाई. उसन्या, म्हणजे उकडून वाळवलेल्या, तांदळाचा ओलसर, किंचित आंबूस वास. पलीकडच्या खोलीतून येणारी, नाकात बसणारी कोंड्याची भुकटी. कुठे पोत्याचा कोपरा कुरतडलेला, कुठे दाण्यांचा बारीक ओघळ, कुठे काळ्या लेंड्या. शेवटी ती पिंजरे तपासायची. आतली भजी गेलेली असायची, आणि पिंजरे रिकामे.

गोंदियाच्या त्या राईस मिलमध्ये साठ्याची देखरेख तिच्याकडे होती. इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या गावात तिचे वडील, सेवकराम, अभिमानाने सांगत, 'पोरगी गोदामाची साहेब आहे.' प्रत्यक्षात ती साहेब होती फक्त उंदरांची, आणि तेही तिचे ऐकत नसत.

"काल किती उंदीर दिसले, उदाराम?" त्या दिवशी बाहेर येऊन तिने विचारले.

उदाराम हा मिलमधला सर्वांत जुना हमाल. त्याने दोन्ही कानांना हात लावले. "नाव नोका घेऊ जी मॅडम. ऐकते तो. मामा म्हणा."

"मामा म्हटल्यानं कमी खातात काय?"

"कमी नाही खात. पण रागानं नाही खात."

रचनाने सुस्कारा सोडला. मिलमध्ये उंदराला उंदीर म्हणायचे नाही, हा नियम तिच्या आधीपासून चालत आला होता. 'मामानं पोतं फोडलं', 'मामा वायर खाऊन गेला' – असे अहवाल ऐकून ऐकून आता तिच्या तोंडीही तोच शब्द बसला होता. नवे धान येऊन पडत होते, मामांचा सुकाळ होता, आणि तिने वैतागून नागपूरहून चिकट पाट्या मागवल्या होत्या. मामाने एकदा पाय ठेवला की ठेवला.

कुरियरवाला चुन्नीलाल त्याच सकाळी खोके देऊन गेला. रचनाने चार हमालांच्या देखत ते उघडले. वर फोमचा थर. फोमखाली उंदीर.

करंगळीएवढे, धातूचे. दोन पायांवर उभे. कोणाच्या हाती ढाल, कोणाच्या डोक्यावर शिरस्त्राण, एकाच्या गळ्यात नगारा. शेपट्या मात्र अगदी अस्सल.

चारही हमाल खोक्यावर वाकले. मग उदाराम हळूच म्हणाला, "घ्या. आपण धरून राहिलो, आणि मॅडमनं पलटन बोलावली."

तिने चुन्नीलालला फोन लावला. "मॅडम, दोनों पे रॅट लिखा था," तो तिकडून म्हणाला, "और नाम भी दोनों पे आर. से. आप आर. गणवीर, वो आर. शहारे. मैंने सोचा, गोंदिया में रॅट का सामान कौन दो-दो जन मँगाएगा? फिर भी बाँट दिया. मेरी क्या गलती?"

दुसरा आर. दुपारी स्वतःच आला. तिशीच्या आतला, सडपातळ, चष्मा नाकाच्या मध्यावर घसरलेला. डाव्या काखेत खोके होते. उजवा हात त्याने ताट धरावे तसा समोर धरला होता – आणि त्या तळहाताला एक चिकट पाटी घट्ट बसली होती.

"हे तुमचं आहे काय?" त्याने हात पुढे केला.

"पाटी माझी. हात तुमचा."

"सध्या वेगळे होऊन नाही राहिले."

मागे कोणीतरी फिसकन हसले. रचनाला हसू आले नाही. आले असते, पण दिवसभराचा वैताग वाटेत उभा होता. "दुसऱ्याचं पार्सल उघडलं कायले?"

त्याने तिच्या टेबलावर रांगेत मांडलेल्या उंदरांकडे नुसते पाहिले. तिने विषय बदलला.

"तुम्ही हे... मागवता? मुद्दाम? गोंदियात?"

"उंदीरमानव आहेत ते," तो म्हणाला – एखाद्याने आडनाव चुकीचे घेतल्यावर दुरुस्त करावे तसे. "टेबलावर मांडून लढाईचा खेळ असतो. राक्षस, बुटके, पऱ्या, सगळ्यांच्या फौजा मिळतात. मी ह्यांची जमवतो."

"एवढे सगळे मिळतात, आणि तुम्ही उंदीर निवडले."

"पऱ्या सगळेच घेतात."

"आणि ह्यांना कोणी विचारत नसेल."

"म्हणूनच," तो म्हणाला, आणि घसरलेला चष्मा डाव्या मनगटाने वर सारला.

समोरच्या भजीवाल्याकडून उदारामने वाटीभर तेल आणले. चिकट्यावर तेलच चालते. रचनाने ओढणी खोचली, त्याचा हात टेबलावर पालथा धरला आणि कडेकडेने, थेंब थेंब सोडीत, पाटी सोडवायला घेतली. त्याची बोटे लांब होती. नखांच्या कडांना गुलाबी आणि पांढरा रंग लागलेला.

"काय काम करता?"

"दात करतो."

"काय?"

"कवळ्या. डॉक्टर माप पाठवतात, मी दात करून देतो. स्टेशनपलीकडं लॅब आहे – घरातच, पुढच्या खोलीत." मग थोडे थांबून, "रत्नपाल शहारे."

"सकाळी दात, संध्याकाळी उंदीर."

"उंदरांचे दातही मीच रंगवतो."

पाटी सुटली. हात मात्र तिच्या हातात आवश्यक होता त्यापेक्षा थोडा अधिक काळ राहिला... तो कोणी आधी काढून घ्यायचा, हे दोघांनाही ठरवता आले नाही. शेवटी उदाराम खाकरला.

त्यानंतर रत्नपाल वरचेवर येऊ लागला. एका उंदराचा भाला हरवला होता. तो गोदामात पडला असेल, असे त्याचे म्हणणे. "सुईएवढा आहे. पितळी रंगाचा."

"इथे तांदळाचे डोंगर आहेत. त्यात सुई शोधू?"

"मी शोधतो. तुम्ही फक्त बॅटरी धरा."

तिने बॅटरी धरली. पुढच्या आठवड्यातही धरली. भाला पहिल्याच दिवशी टेबलाखाली सापडला होता आणि तिच्या पर्समध्ये, आरशाच्या कप्प्यात होता. आपण तो का देऊन टाकत नाही याचे उत्तर तिच्याकडे नव्हते; होते, पण ते स्वतःला सांगायची तिची तयारी नव्हती. भाला देऊन टाकला असता, तर हा मनुष्य कशासाठी आला असता?

एका संध्याकाळी ती त्याच्या लॅबमध्ये गेली. भिंतीला लागून काचेचे कपाट, आणि त्यात ओळीवर ओळी – दीडशेच्या घरात असतील – रंगवलेले उंदीर. तिच्या दिवसभराच्या शत्रूंना कोणीतरी इतक्या मायेने झगे चढवले होते की तिला रडावे की ओरडावे ते कळेना. निशाण धरलेल्या एकाजवळ ती थबकली. निशाण मेंदीच्या रंगाचे होते, कडेला बारीक पिवळी नक्षी.

तिने आपल्या ओढणीकडे पाहिले. मग पुन्हा निशाणाकडे.

"हे काय आहे?"

रत्नपाल कवळी घासण्यात एकाएकी फार गढून गेला. "रंग... शिल्लक होता."

"माझी ओढणी उंदराच्या हाती दिली?"

"सेनापतीच्या," तो खाली मान घालून म्हणाला. "साध्या उंदराच्या नाही."

ती चिडली. खरोखरच चिडली. आणि चिडता चिडता तिचे कान गरम झाले.

खोलीच्या मधोमध टेबल होते, त्याच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. अलीकडे उंदरांची फौज मांडलेली, पलीकडे प्लास्टरचे जबडे, मेणाची दाढ, सुळ्यांची एक वाकडी रांग. डॉक्टरांनी परत केलेले, माप चुकलेले दात.

"हे कोण?"

"शत्रू. दुसरी फौज नाही माझ्याकडं." मग जरा अडखळत, "खरं तं... दुसरा खेळणाराच नाही. शिकायला बंगळूरला होतो तेव्हा एक मित्र होता समोर. इथं आल्यापासून एक डाव मी इकडून खेळतो, मग उठून तिकडं जाऊन बसतो."

रचनाने रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. त्या खुर्चीत उठून जाऊन बसणारा, स्वतःलाच हरवून परत येणारा हा मनुष्य तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि तिला त्याचा विलक्षण राग आला. एवढे एकटे राहायचे कोणी सांगितले होते याला?

ती शत्रूच्या खुर्चीत बसली. "सांग, कसं खेळायचं." त्याला आपण 'तू' म्हणालो, हे तिला बोलून झाल्यावर कळले.

तो डाव तिने जिंकला. रत्नपालने फौज मैदानाच्या मधून पुढे आणली. तिने दोन्ही कडांना दाढा उभ्या करून तिला कोंडले. "तुला उंदीर माहीतच नाहीत," ती म्हणाली. "उंदीर मधून कधी जात नाही. भिंत सोडत नाही तो. आमच्या बाबांना विचार."

बाबांचे नाव निघाले आणि तिने हातातली दाढ खाली ठेवली. सेवकराम गणवीरांना आयुष्यात एकाच प्राण्याचा द्वेष होता. धान पिकायला आले की बांधातली बिळे खणत ते दिवसचे दिवस घालवीत. एका साली घरातली कणगी तळातून पोखरली गेली आणि पाखडायला घेतले तेव्हा निम्मे तूस निघाले. तेव्हापासून उंदराचे नुसते चित्र पाहिले तरी त्यांच्या कपाळाची शीर उठे.

जानेवारीत एक दिवस जवळच्या नागरा गावातल्या एका म्हातारीला कवळी नेऊन द्यायची होती. रत्नपालने स्कूटर काढली. रचनाही मागे बसली. परतताना थंडीतल्या अवेळी पावसाने त्यांना गाठले. चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली दोघे उभे राहिले. पत्रा ताडताड वाजत होता. रचना मात्र फोनवर होती.

"उदाराम, ताडपत्री ओढा. अंगणातलं धान आधी... पूर्वेकडून, हो... मामा नंतर पाहू, आधी पाणी पाहा."

तिने फोन ठेवला. रत्नपाल तिच्यासाठी चहाचा ग्लास धरून उभा होता. ग्लासावर त्याने तळहात झाकला होता, पाण्याचा थेंब पडू नये म्हणून.

"एक विचारू?"

"विचार. पण लवकर. पुन्हा फोन येईल."

"समोर बसशील काय... म्हणजे, नेहमीसाठी?"

फोन आला. तिने उचलला नाही. पावसात तो वाजत राहिला.

"पोट्टी पसंत पडली की माणूस असं विचारतो?" शेवटी ती म्हणाली. "समोर बसशील काय? बसमध्ये जागा विचारल्यासारखं?"

"मग कसं विचारू?"

"मला काय माहीत. मलाही पहिल्यांदाच विचारलं." तिने ग्लास घेतला. "बाबा घर पाहायला येतील. ते नाही म्हणाले तं मी करणार नाही. आणि तुझं कपाट पाहून ते नाहीच म्हणतील. आधी मामा आवर. मग उत्तर देते."

हे अर्धसत्य होते. उत्तर तिने केव्हाच ठरवले होते. वडिलांचे मन मोडून ती लग्न करणार नव्हती, आणि रत्नपालखेरीज कोणाशी करणारही नव्हती. या दोन निश्चयांच्या मधोमध दीडशे उंदीर भाले घेऊन उभे होते.

घोटाळा झाला तो गावी. बाबांनी रविवारी घर पाहायला यायचे, हे ठरवायला रचना घरी गेली होती आणि घरापुढच्या छपरीत उभी राहून, आवाज शक्य तितका खाली ठेवून, रत्नपालशी बोलत होती.

"हे पाहा, एक जरी मामा दिसला तं बाबा चहा न घेता उठतील... सगळे आवर... नाही, तो नगारेवाला पण नको... तुझे मामा आणि माझे बाबा एका खोलीत बसू शकत नाहीत, समजलं?"

ती वळली. सेवकराम दारात उभे होते. पायातली चप्पल अर्धी घातलेली.

"मामांचा विरोध आहे काय?" त्यांनी हळूच विचारले.

"बाबा, तसे मामा नाहीत ते."

"मग कसे आहेत?"

खरे सांगायची हीच वेळ होती. रचनाने तोंड उघडले, वडिलांच्या कपाळावरची ती शीर पाहिली, आणि म्हणाली, "लहान आहेत."

"लहानच जास्त रुसते," सेवकराम गंभीरपणे म्हणाले. आत जाऊन ते बायकोला सांगू लागले. "सुमन, पोट्ट्याचे मामा नाराज दिसून राहिले. एक तं नगारा वाजवते म्हणे."

"कितीक आहेत?" सुमनबाईंनी आतून विचारले.

"पुष्कळ," रचना थकून म्हणाली.

"त्याच्या आजीनं काय केलं असन बाई," सुमनबाई हळहळल्या.

जेवताना सेवकरामांनी निर्णय सांगितला. "आपल्यात अंतरपाट नाही, हुंडा नाही. पण मामा रुसला तं मांडव सुना. मी जातो, हात जोडतो. माझ्या पोरीसाठी जोडाले कायची लाज?"

रचनाने हातातला घास परत ताटात ठेवला. हा मनुष्य आयुष्यात पाटलापुढेही वाकला नव्हता.

रविवारी सकाळीच ती रत्नपालच्या घरी पोहोचली. आत स्वयंपाकघरात त्याची आई, शकुंतलाबाई, पोह्यांची तयारी करीत होत्या. पुढची खोली लखलखीत होती. काचेचे कपाट रिकामे होते. एका फळीवर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. टेबलाखाली एक खोके, चिकटपट्टीने नीट बंद केलेले.

"इथंच लपवलं? पाय लागेल बाबांचा."

"लपवलं नाही," रत्नपाल म्हणाला. "उद्या चुन्नीलाल नेणार आहे. बंगळूरच्या मित्राला देऊन टाकतो."

"मी आवर म्हटलं होतं. देऊन टाक कोणी म्हटलं?"

"लपवले तं लग्नानंतर काढीन. तेव्हा तुझ्या बाबांना वाटेल, पोट्ट्यानं फसवलं. सुरुवातच अशी कायले करायची?"

तो हे रुसून बोलत नव्हता. म्हणूनच तर तिला असह्य झाले. इतके दिवस याच्या हट्टाने जीव नकोसा केला होता. आज याच्या शहाणपणाने केला. त्याची बोटे टेबलाच्या कडेवरून फिरत होती, काहीतरी उचलून नीट ठेवायला शोधत होती. ठेवायला काहीच नव्हते. दोन खुर्च्या मात्र समोरासमोर तशाच होत्या.

सेवकराम पहिल्या बसने आले. पांढरा सदरा, खांद्यावर नव्या तांदळाची थैली. "जय भीम" झाले, पाणी झाले, पोहे आले. रत्नपालचे काम त्यांनी आस्थेने विचारले, एक कवळी हातात घेऊन पाहिली, आणि जपून खाली ठेवली. मग थैली मांडीवर घेऊन ते जरा पुढे सरकले.

"मामा मंडळी कुठी आहे जी? त्यांच्यासाठी घरचा तांदूळ आणला. मी म्हटलं, आधी त्यांच्या पाया पडतो."

शकुंतलाबाई गोंधळल्या. "मले तं भाऊच नाही."

सेवकरामांनी मुलीकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. पोरगी आपल्याशी खोटे बोलली काय, एवढाच प्रश्न होता, आणि तो रागापेक्षा वाईट होता. रत्नपाल तिच्याकडेच पाहत होता. तिने काहीही सांगितले असते, तरी त्याने मान डोलावली असती. गावाला गेले, म्हणता आले असते. गंमत केली, म्हणता आले असते. खोके उद्या गेले असते.

रचना उठली. रत्नपालच्या ड्रॉवरमधली कात्री घेतली, खाली बसली आणि चिकटपट्टी कापली. मग एकेक उंदीर फोममधून काढून ती टेबलावर मांडू लागली. ढालवाले पुढे, त्यांच्यामागे शिरस्त्राणवाले. घाई केली नाही. नगारेवाला आला. शेवटी मेंदीच्या रंगाचे निशाण.

"बाबा, मिलमध्ये ह्यांचं नाव घेत नाहीत. मामा म्हणतात. माझ्या तोंडी तेच बसलं." तिने निशाण जरा सरळ केले. "हा ह्यांना जमवतो. रंगवतो. मीच आवरायला सांगितलं होतं, तुमच्या भीतीनं. ते काही बरोबर झालं नाही."

सेवकराम टेबलाजवळ आले. कपाळाची शीर उठली. ते वाकले, चष्मा नव्हता म्हणून आणखी वाकले, आणि बराच वेळ त्या फौजेकडे पाहत राहिले. एकाला उचलले. शेपटी पाहिली, दात पाहिले.

"दात बरोबर आहेत," ते म्हणाले.

सेवकरामांनी तांदळाची थैली टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली आणि ते त्या फौजेकडे पाहून म्हणाले, "जिंदगीभर न विचारता नेला. आज पहिल्यांदा मी हातानं आणून देऊन राहिलो."

शकुंतलाबाईंनी पदर तोंडाला लावला. सेवकराम हसले नाहीत. पण शीर बसली होती. हातातला उंदीर त्यांनी मधोमध ठेवला, क्षणभर पाहिला, मग पुन्हा उचलून टेबलाच्या कडेला, कपाटाच्या बाजूने नेऊन ठेवला.

"मधून नाही जात तो," ते रत्नपालला म्हणाले. "भिंत धरून जाते. पोरीनं नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं जी."

"मग ऐकत जा तिचं."

ते पुन्हा पोह्यांकडे वळले. रचनाने पर्स उघडली. आरशाच्या कप्प्यातून सुईएवढा पितळी भाला काढला आणि रिकाम्या हातांनी उभ्या असलेल्या उंदरापुढे ठेवला. रत्नपालने भाल्याकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"हा... केव्हा सापडला?"

तिने पलीकडची खुर्ची ओढली, त्याच्यासमोर बसली, आणि खिडकीत ठेवलेले प्लास्टरचे जबडे एकेक करून आपल्या बाजूला मांडायला घेतले.